घर विकायचंय? एजंटला पूर्ण कमिशन कबूल करण्याआधी हे वाचा

सदर बाजारातलं दादाजानांनी बांधलेलं घर विकायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात दोनच गोष्टींची चर्चा होती. किती येतील आणि एजंट कोण घ्यायचा. कागदपत्रांचं नाव कुणी काढलं नाही. ओळखीतून एक एजंट आले, माणूस बोलायला गोड. दोन टक्के कमिशन, त्यातलं निम्मं बयाण्याच्या दिवशी. सौदा ४८ लाखांना ठरला, बयाणा झाला, मिठाई वाटली आणि ४८ हजार रुपये एजंटच्या हातात गेले.

पंधरा दिवसांनी खरेदीदाराच्या वकिलांनी प्रॉपर्टी कार्ड काढलं. त्यावर अजून दादाजानांचंच नाव होतं. वारस किती? दादी, अब्बा, चाचा आणि दोन फुफू. त्यातल्या एक फुफू शारजात. चाचांचा इंतेकाल दादाजानांच्या नंतर दोन वर्षांनी झालेला, मागे चाची आणि चौदा वर्षांचा मुलगा. एजंटनी सुचवलं, "चाचींची सही घेऊ मुलाच्या वतीनं, काही होत नाही." वकिलांनी मान हलवली. आठ महिने रखडून सौदा मोडला. बयाणा आम्ही परत केला. एजंटला दिलेले ४८ हजार परत आले नाहीत, कारण त्यांचं म्हणणं सरळ होतं: मी गिऱ्हाईक आणलं, माझं काम झालं.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नव्हतं. आम्ही लिहून काहीच घेतलं नव्हतं. शेवटी ते घर घेतलं कुणी, तर ज्यांची आणि आमची भिंत एकच आहे त्या शेजाऱ्यांनी. त्यांना आम्ही आधी विचारलंच नव्हतं.

त्या अनुभवानंतर ओळखीपाळखीच्या बऱ्याच घरांत हाच प्रश्न ऐकला की एजंटला पूर्ण कमिशन द्यायलाच लागतं का? नाही लागत. पण कमिशन वाचवायचं असेल तर एजंट करतो ते काम कुणीतरी करावंच लागतं. आणि आपल्या घरांमध्ये सौदा अडतो तो गिऱ्हाइकापाशी कमी, कागदापाशी जास्त.

कमिशन नक्की कशाचं?

घर विकण्यात तीन कामं असतात. गिऱ्हाईक शोधणं, भाव ठरवणं आणि कागद नोंदणीपर्यंत नेणं. एजंट पहिलं काम मनापासून करतो, दुसरं करतो पण त्याला सौदा लवकर व्हायला हवा असतो, आणि तिसरं बहुतेक वेळा वकिलावर किंवा दस्तलेखनिकावर सोपवतो. त्याची फी आपण वेगळी देतोच.

कमिशनचा दर कोणत्याही कायद्यानं ठरवलेला नाही. कोल्हापुरात बहुतेक ठिकाणी एक ते दोन टक्के मागतात, आणि बऱ्याचदा विकणाऱ्याकडून वेगळं, घेणाऱ्याकडून वेगळं. रेरा कायदा २०१७ पासून पूर्ण लागू झाला, पण त्यातली एजंटची नोंदणी ही रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी आहे. आपलं चाळीस वर्षांचं जुनं घर त्यात येत नाही. म्हणजे इथे जे बोलणं होईल तोच दर. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के जीएसटी. ४८ लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे ९६ हजार, जीएसटी धरून १ लाख १३ हजार २८०.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत घर विकणारा वर्षानुवर्षं पाच-सहा टक्के द्यायचा आणि त्यातून दोन्ही बाजूंचे एजंट वाटून घ्यायचे. तिथल्या घरमालकांनी कोर्टात धाव घेतली आणि २०२४ मध्ये एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. आता तिथे घेणाऱ्यानं आपल्या एजंटशी आधी लेखी करार करायचा असतो. आपल्याकडे बंगळुरूत २०१४ मध्ये 'नोब्रोकर' नावाची कंपनीच निघाली, ती मोठ्या शहरांत चालते. कोल्हापुरातलं पेठेतलं घर मात्र अजून माणसांच्या ओळखीवरच विकलं जातं. आणि ओळखी आपल्याकडे कमी नाहीत.

आधी कागद

घरावर 'विकणे आहे' असा बोर्ड लावण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून, म्हणजे आपण सिटी सर्व्हे म्हणतो तिथून, प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढा. ऑनलाइनही डिजिटल सहीचा मिळतो. वॉर्ड (ए, बी, सी, डी की ई) आणि सिटी सर्व्हे नंबर माहीत हवा. उताऱ्यावर तीन गोष्टी बघा. नाव कुणाचं आहे, बोजा कुणाचा आहे आणि जागेचा सत्ताप्रकार काय आहे.

नाव मय्यत माणसाचं असेल तर वारस नोंद करावी लागते. घरफाळ्याच्या बिलावर अब्बांचं नाव आहे म्हणून घर अब्बांचं, असं होत नाही. घरफाळा म्हणजे महापालिकेचा कर, मालकीचा पुरावा नाही. ही गफलत आपल्याकडे फार आहे. लाइट बिलाचंही तेच.

आता वारस. मुस्लिम पर्सनल लॉनुसार माणूस गेला त्या क्षणी वारसांचे हिस्से ठरतात. कर्ज, महर आणि असल्यास एक तृतीयांशापर्यंतची वसीयत बाजूला काढल्यावर जे राहतं त्यात. वाटणी झाली नाही म्हणून बहिणीचा हिस्सा थांबत नाही, आणि लग्नात दिलं म्हणून संपतही नाही. आमच्याच घराचं उदाहरण घेऊ, हिशोब सोपा राहावा म्हणून चाचा हयात आहेत असं धरून. मागे बीवी, दोन मुलगे, दोन मुली. बीवीचा आठवा हिस्सा. उरलेल्याचे सहा भाग, मुलाला दोन, मुलीला एक. ४८ लाखांत दादींचे ६ लाख, अब्बा आणि चाचांचे १४-१४ लाख, दोन्ही फुफूंचे ७-७ लाख. चाचांच्या नंतर त्यांच्या १४ लाखांतही परत दादींना सहावा, चाचींना आठवा भाग, आणि बाकी मुलाला. कोण आधी गेलं आणि कोण नंतर, यावर सगळा हिशोब फिरतो. म्हणून मृत्यू दाखले तारखेसह एका फाइलमध्ये लावून ठेवा.

या सगळ्यांच्या सह्या खरेदीखतावर लागतात. एक सही राहिली तर तेवढा हिस्सा विकलाच गेला नाही, असा अर्थ होतो. जुन्या, गुंतागुंतीच्या प्रकरणात खरेदीदाराचे वकील कोर्टाचा वारस दाखला मागतात. तो मुंबई प्रांताच्या १८२७ सालच्या रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्टातून मिळतो. दोनशे वर्षांचा कायदा, पण अजून चालतो. त्याला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाईक येण्याआधी अर्ज करा.

बहिणी आपला हिस्सा भावाला सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात मोबदला न घेता सोडलं तर मुद्रांक नाममात्रच लागतो. पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कमिशन वाचवायला म्हणून घाईत बहिणीकडून 'फक्त सही' घेणं आणि नंतर पैशांचा विषय टाळणं, हे आपल्या मोहल्ल्यांत घडतं. त्यापेक्षा बहिणीला विक्रेती म्हणून खरेदीखतात ठेवा आणि तिचा चेक तिच्याच नावानं निघू द्या. खरेदीदारालाही हेच जास्त सुरक्षित वाटतं.

कमिशनची वाटणीही त्याच हिश्श्यांत करा. ९६ हजार कमिशन गेलं तर दादींच्या वाट्याला १२ हजार, मुलग्यांना २८-२८ हजार, मुलींना १४-१४ हजार. बऱ्याच घरांत खर्च सरसकट चार समान भागांत कापतात. मग मुलीच्या छोट्या हिश्श्यातून मुलाइतकाच खर्च जातो.

हिबा झालेला असेल तर? तोंडी हिबा आपल्या कायद्यात चालतो. देणाऱ्यानं जाहीर करणं, घेणाऱ्यानं कबूल करणं आणि ताबा देणं, या तीन अटी पुऱ्या हव्यात. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये हाफिजा बीबी खटल्यात सांगितलं की हिबा कागदावर लिहिला म्हणून त्याची नोंदणी सक्तीची होत नाही. पण कोर्टात टिकणं वेगळं आणि बँकेच्या वकिलाला पटणं वेगळं. गिऱ्हाईक कर्ज काढून घेणार असेल तर बँक नोंदणीकृत दस्तच मागते. देणारे बुजुर्ग हयात असतील तर आताच नोंदवून घ्या.

आणि अल्पवयीन वारस. आमचा सौदा इथेच मोडला. मुस्लिम कायद्यात आई ही मुलाची सांभाळ करणारी असते, पण त्याच्या मिळकतीची कायदेशीर पालक आपोआप होत नाही. बाप, बापानं नेमलेला माणूस, दादा, दादांनी नेमलेला माणूस एवढेच. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलनं इमामबांदी खटल्यात हे पक्कं केलं, आणि तेव्हापासून आईनं परस्पर केलेली अशी विक्री टिकत नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. मुलाचे पैसे त्याच्या नावे सुरक्षित ठेवण्याची अट कोर्ट घालू शकतं. चाचींना ती परवानगी मिळायला सात महिने लागले. पण आज तो मुलगा कॉलेजला आहे आणि त्याचे पैसे जिथले तिथे आहेत.

आखातात, लंडनला किंवा आणखी कुठे असलेल्या भावंडांसाठी कुलमुखत्यारपत्र लागतं. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून आणायचं आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो चालत नाही, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण एकदा सांगावं लागलं.

बाकीचं थोडक्यात. नागरी बँक किंवा पतसंस्थेचा जुना बोजा फेडला असेल तरी तो कार्डावरून कमी केलेला नसतो. बेबाकी दाखला आणून तो उडवून घ्या. उपनगरात गुंठ्यावर घेतलेला प्लॉट असेल तर गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालाय का ते बघा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ती सोय आहे. जागा वक्फची किंवा देवस्थान इनामाची निघाली तर ती आपल्याला विकता येत नाही, तिथेच थांबा. घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी भरून पावत्या फाइलला लावा. बांधकाम परवानगीचा नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

ही फाइल हातात असली की निम्मा एजंट तुमच्या घरात बसलाय असं समजा.

भाव कुठून कळतो

एजंट म्हणतो, "भाऊ, इथे एवढाच रेट चालतो." तो खरं बोलतोय का ते आपणही बघू शकतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, सगळ्यांना खुला आहे. पण तो सरकारी दर झाला. त्याहून उपयोगाचं म्हणजे त्याच विभागाची मोफत ई-सर्च. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकला की त्या मिळकतीच्या दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू दिसते. त्यात मोबदला किती आणि बाजारभाव किती, दोन्ही आकडे छापलेले असतात. आपल्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत विकल्या गेलेल्या तीन-चार घरांचे नंबर टाकून बघा. सगळं खरं लिहिलेलं असेलच असं नाही, पण अंदाज येतो.

दुसरा उपाय म्हणजे बँकेच्या यादीवरच्या मूल्यांकनकाराकडून ठरावीक फी देऊन रिपोर्ट घेणं. भावंडांत "तू स्वस्तात विकलंस" हा वाद पुढे दहा वर्षं चालतो, त्याला या कागदानं आळा बसतो.

कोल्हापुरात भावाचा विषय निघाला की पुराचा निघतोच. २०१९ आणि २०२१ नंतर प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, पाणी कुठपर्यंत आलं होतं? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. सुतारवाडा, दुधाळी, शुक्रवार पेठ, जामदार क्लब, व्हीनस कॉर्नर या बाजूचं घर असेल तर स्वतःहून सांगा. भिंतीवर खूण असेल तर रंग मारून लपवू नका. विक्रीच्या मालातला ऐब लपवणं आपल्या दीनमध्ये मना आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनंही शेजारच्या दुकानदाराला विचारलं की गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत कळतंच. मग पाण्याबरोबर तुमचा शब्दही संशयात जातो.

गिऱ्हाईक शोधायचं ते शेजारून

फिकहमध्ये शुफा म्हणून हक्क सांगितलाय. घर विकताना हिस्सेदाराला आणि शेजाऱ्याला आधी विचारण्याचा. इथल्या कोर्टात तो कितपत चालेल तो विषय वेगळा, पण अदब म्हणून पाळला तरी फायदा आपलाच. ज्याची भिंत लागून आहे त्याला ती जागा सगळ्यात जास्त किमतीची. मुलगा मोठा झालाय, खोली वाढवायचीय, रिक्षा लावायला जागा हवीय. असा माणूस दुसऱ्या गल्लीतल्या गिऱ्हाइकापेक्षा दोन पैसे जास्त देतो आणि घराचा इतिहास त्याला सांगावा लागत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी एजंटच्या गिऱ्हाइकापेक्षा दीड लाख जास्त दिले.

एकाच वेळी भावंडांतल्या कुणाला घ्यायचंय का तेही विचारा. लाजेखातर कुणी बोलत नाही आणि घर गेल्यावर रडतात.

मग नातेवाईक, जमात, कामाच्या ठिकाणचे लोक. आपल्या मोहल्ल्यांतली घरं बरीचशी आपल्याच माणसांत फिरतात, त्यामुळे गिऱ्हाइकांचं वर्तुळ छोटं आणि ओळखीचं असतं. ईदच्या दिवशी दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर गळाभेट घेताना जितकी माहिती फिरते तितकी कुठल्याही वेबसाइटवर फिरत नाही. फक्त मशिदीच्या आत विक्रीची घोषणा करू नका, तिथे खरेदी-विक्रीला मनाई आहे. नमाज झाल्यावर बाहेर बोला. मोहल्ल्याबाहेरचं गिऱ्हाईकही टाळू नका. स्थानिक वृत्तपत्रातली छोटी जाहिरात, फाटकावर नंबरसह बोर्ड आणि ओएलएक्स, मॅजिकब्रिक्ससारख्या साइटवर चांगल्या उजेडात काढलेले फोटो, एवढं पुरे होतं. जाहिरातीत क्षेत्रफळ, सिटी सर्व्हे वॉर्ड आणि 'कागद क्लिअर, सर्व वारस सहीस तयार' असं लिहा. या एका ओळीनं फोन वाढतात. खरं असेल तरच लिहा.

ऑनलाइन जाहिरात दिली की एक फोन हमखास येतो. "मी मिलिटरीत आहे, बदली झाली, घर पसंत आहे, टोकन पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा." पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. असा फोन बंद करा.

घर दाखवायला ठरावीक वेळ ठेवा, रविवारी सकाळी किंवा शुक्रवारी जुम्यानंतर. घरातल्या बायकांची दिवसभर धावपळ होत नाही आणि दोन-तीन गिऱ्हाइकं एकमेकांना दिसली की भावही टिकतो. कागदाच्या झेरॉक्स द्या, त्यावर 'फक्त पाहणीसाठी' असं आडवं लिहून. मूळ कागद कुणालाही नाही, एजंटलाही नाही.

एजंट लागतच असेल तर

काही वेळा लागतो, आणि मग संकोच करू नये. घर रिकामं आहे आणि सगळे पुण्या-मुंबईत. दुकानगाळा आहे. भाडेकरू बसलेला आहे. घरात दाखवायला पुरुष माणूस नाही. दलाली हे हलाल काम आहे आणि मेहनत करणाऱ्याला त्याचं मिळालं पाहिजे. प्रश्न फक्त किती आणि कशाबद्दल, हा आहे.

फाइल तयार असेल तर त्याला सांगा, कागदाचं काम आमचं, तुमचं फक्त गिऱ्हाईक आणणं. मग दोन टक्क्यांऐवजी अर्धा किंवा एक टक्का, किंवा सरळ ठरावीक रक्कम मागता येते. ठरावीक रक्कम मला जास्त बरी वाटते. ती भावावर अवलंबून नसते आणि हिशोबाला सोपी.

एका साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. रक्कम किती. कधी द्यायची, तर खरेदीखत नोंदल्याच्या दिवशी, बयाण्याला नाही. त्यानं आणलेल्या गिऱ्हाइकालाच विकलं तरच द्यायची, आणि आपण आधीच बोलतोय त्या माणसांची नावं खाली लिहून ती वगळायची. घेणाऱ्याकडूनही तो घेणार असेल तर आधी सांगायचं. उधारीच्या व्यवहारात लिहून ठेवायला सांगणारी आयत कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे, आणि आपणच एजंटशी तोंडी बोलून मोकळे होतो.

'नेट रेट' मात्र कबूल करू नका. "तुम्हाला ४५ नेट, वरचे माझे", असं एजंट म्हणतो तेव्हा तो घर ५० ला विकतोय की ५२ ला ते तुम्हाला कळत नाही. मजुरी आधी ठरलेली असावी यावर आपल्या फिकहचा भर आहे तो याचसाठी. शिवाय दस्तात ५० लिहिले तर टॅक्सच्या हिशोबात ५० तुमच्याच नावावर येतात.

बयाण्यापासून नोंदणीपर्यंत

कोल्हापुरात आपण संचकारपत्र म्हणतो, पुण्याकडे साठेखत. एकच. वकील आपला स्वतंत्र लावा, खरेदीदाराच्याच वकिलावर भागवू नका. त्याची फी ठरावीक असते, टक्क्यात नसते. त्यात सगळ्या वारसांची नावं, रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि सौदा मोडला तर बयाण्याचं काय, हे असावं. खरेदीदार वृत्तपत्रात जाहीर नोटीस देईल, त्याचा राग मानू नका, ती त्याची खबरदारी आहे.

आपल्यातले बरेच खरेदीदार व्याज नको म्हणून बँकेकडे जात नाहीत. सोनं मोडून, भाऊबंदांकडून कर्जे हसना घेऊन हप्त्यांनी देतात. नेक गोष्ट आहे, पण हप्ते लिहून संचकारपत्र नोंदवा. शेवटचा हप्ता खात्यावर जमा होईपर्यंत खरेदीखत करू नका. आणि ताबा आधी दिला तर संचकारपत्रालाच पूर्ण मुद्रांक लागतो हे लक्षात ठेवा.

रोख घेऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे विकणाऱ्याला होतो. दस्तात किंमत कमी दाखवूनही सुटका नाही. सरकारी मूल्यांकन दस्तातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर त्या मूल्यांकनावरच लागतो.

मुद्रांक खरेदीदार भरतो. शहर हद्दीत साधारण ६ टक्के, आणि नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. ४८ लाखांवर ४८ हजार वाचतात. भावावरून दोन-पाच हजारांसाठी अडून बसलेल्या गिऱ्हाइकाला हे सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, सर्व विक्रेत्यांची मिळून, तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. पण एखादी विक्रेती परदेशात राहणारी असेल तर तिच्या हिश्श्यावर ही ५० लाखांची मर्यादा लागू नाही आणि दरही बराच जास्त. शारजाच्या फुफूंच्या ७ लाखांवर हेच झालं. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी घेतला असता तर वर्षभर रिफंडची वाट बघावी लागली नसती.

वारशानं आलेल्या घरात दादाजानांनी घेतल्यापासूनचा काळ मोजला जातो, आणि घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. उरलेल्या नफ्यावर १२.५ टक्के, किंवा भारतात राहणाऱ्यांना जुन्या मिळकतीसाठी महागाईचा हिशोब धरून २० टक्के, यातलं जे कमी ते. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते. एजंटला दिलेलं कमिशनही नफ्यातून वजा होतं, पण पावती हवी. चेकनं द्या आणि पावती घ्या.

फ्लॅट असेल तर सोसायटी हस्तांतर शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त मागू शकत नाही, मग ते 'देणगी' म्हणोत की आणखी काही.

नोंदणीच्या दिवशी करवीरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात सगळे वारस, दोन ओळखदार, आधार आणि पॅन कार्ड घेऊन सकाळीच जा. दादींना बसायला खुर्ची कुठून आणायची याचा विचार आधी करून ठेवा, आम्ही केला नव्हता. दस्त नोंदला की इंडेक्स टूची एक प्रत मागून घ्या. घरफाळा, पाणी आणि महावितरणचं मीटर खरेदीदाराच्या नावावर झालं का ते महिन्याभरानं एकदा विचारा, नाहीतर बिलं आपल्याच नावानं येत राहतात. आमच्या शेजाऱ्यांनी मीटर नावावर करून घेतलं, पण दारावरची दादाजानांच्या नावाची पाटी अजून काढलेली नाही. दादी तिथून जाताना बघतात. काढा असं अजून कुणी म्हणालेलं नाही.